नागपुरात पाहिलेले फिलिपिन्सचे आटपाट नगर

‘वान्सापानाताइम’ हा शब्द दोनदा मोठ्याने म्हटला की त्याचा उलगडा होतो. इंग्रजी गोष्टींच्या आरंभी येणारे ‘वन्स अपॉन अ टाइम’ हे शब्द फिलिपिनो माणसाने आपल्या कानाला ऐकू आले तसे एकत्र जोडले, आपल्या लिपीच्या शिस्तीत बसवले आणि एका दूरचित्रवाणी मालिकेला ते नाव दिले. आपल्याकडे ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ झाले, त्यातलाच हा प्रकार. मराठीत या नावाचे भाषांतर करायचे झाले तर ‘आटपाट नगर होते’ असेच करावे लागेल, आणि गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरी या मालिकेला ‘आटपाट’ असेच म्हटले जाते.

ही मालिका फिलिपिन्समधील एबीएस-सीबीएन या वाहिनीची. तिचा पहिला काळ १९९७ ते २००५ असा आठ वर्षांचा आणि दुसरा २०१० ते २०१९ असा नऊ वर्षांचा, म्हणजे मधली विश्रांती सोडली तरी सतरा वर्षांच्या आसपास ती चालली. मालिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकाच कुटुंबाची शेकडो भागांची कथा येते, तसे हिचे नाही. इथे गोष्ट बदलते तशी माणसे, घर, गाव सारे बदलते; कायम राहते ती एवढीच गोष्ट की एखाद्या साध्या घरात काहीतरी अद्भुत घडते आणि ते घर त्याला कसे सामोरे जाते हे सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहायचे. आमच्याकडे प्रामुख्याने दुसऱ्या काळातील गोष्टी पाहिल्या गेल्या. त्या यूट्यूबवर इंग्रजी तळओळींसह (सबटायटल्ससह) उपलब्ध असलेल्या भागांमधून पाहिल्या, आणि हे परीक्षण त्यांच्यापुरतेच आहे.

ही मालिका मानेवाड्यातल्या आमच्या घरापर्यंत कशी आली, ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा पुढच्या मजकुराशी संबंध आहे. माझी नणंद कुवेतमध्ये परिचारिका आहे. तिच्या विभागात तिच्याबरोबर काम करणारी एक फिलिपिनो सहकारी आपल्या मुलांशी रोज रात्री दूरध्वनीवर बोलते आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजूंना एकाच वेळी हीच मालिका लावून, आई कुवेतमध्ये आणि मुले फिलिपिन्समध्ये, अशी ती ‘एकत्र’ पाहते. नणंदेने ही हकीकत सांगितली तेव्हा मे महिना होता, नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात होता, दुपारी अकरानंतर मुलांना बाहेर सोडण्याची सोय नव्हती, आणि चौथीतून पाचवीत गेलेली मुलगी व पहिलीतून दुसरीत गेलेला मुलगा या दोघांना चार तास एका खोलीत शांत ठेवण्याचे सगळे उपाय संपले होते. कूलरसमोर सतरंजी टाकली, दूरचित्रवाणी संचावर यूट्यूब लावले आणि पहिला भाग सुरू केला. माझ्या सासूबाई शेजारी बसून सुकलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. त्यांना या कार्यक्रमाशी काही देणेघेणे नव्हते, निदान पहिल्या दहा मिनिटांपर्यंत तरी नव्हते.

माझ्या मते या मालिकेचा सर्वात मोठा गुण असा आहे की तिच्यातली जादू कधीही फुकट मिळत नाही. मुलांच्या अद्भुत मालिकांमध्ये सामान्यतः जादू हे बक्षीस असते. नायकाला शक्ती मिळते, तो दुष्टांचा पराभव करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. इथे जादू हे कर्ज आहे. ती घरात येते आणि घरातल्या माणसांच्या आधीच असलेल्या उणिवा, म्हणजे भावंडांमधला मत्सर, आईशी बोललेले खोटे, शेजाऱ्याच्या सुबत्तेची हाव, आजीकडे झालेले दुर्लक्ष, या सगळ्या मोठ्या करून दाखवते. शेवटी ती परत करावी लागते, आणि परत करताना माणसाला कुणाची तरी क्षमा मागावी लागते. युद्ध फारसे नसते. खलनायक असला तरी तो बहुतेक वेळा घराच्या उंबरठ्याबाहेरचा नसतोच. माझ्या मुलीने पाचसहा भाग पाहिल्यावर स्वतःहून विचारले, “आई, यांच्याकडे जादू मिळाली की आधी गंमत आणि मग रडारड, असं का असतं?” तिने मालिकेचा सांगाडा ओळखला होता, आणि तरीही पुढचा भाग लावण्याचा तिचाच आग्रह होता. सांगाडा कळूनही गोष्ट ऐकाविशी वाटणे हीच तर कहाणीची जुनी रीत आहे. श्रावणातल्या कहाण्यांमध्येही उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही, हे ठाऊक असतेच, आणि वसा टाकल्यावर काय होणार तेही ठाऊक असते. सासूबाई तर प्रत्येक भाग संपला की कुरडईचा डबा बंद करत “साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” असे म्हणू लागल्या, आणि काही दिवसांनी मुलेही त्यांच्याबरोबर म्हणू लागली.

दुसरा गुण म्हणजे ही जादू उसनी आणलेली नाही. युरोपातल्या पऱ्या आणि किल्ले इथेही डोकावतात, परंतु गोष्टींचा खरा जीव फिलिपिन्सच्या लोकसमजुतींमध्ये आहे. तिथे ‘दुवेन्दे’ म्हणजे बुटकी अदृश्य माणसे असतात. ‘नुनो सा पुनसो’ म्हणजे मातीच्या उंचवट्यात, मुंग्यांच्या किंवा वाळवीच्या वारुळात राहणारा म्हातारा. त्याच्या घराला पाय लागला तर तो कोपतो आणि माणसाला दुखणे जडते. म्हणून झाडीतून किंवा ओसाड जागेतून जाताना ‘ताबी-ताबी पो’ असे म्हणत जायचे, म्हणजे ‘जरा बाजूला व्हा हो, आम्ही जातो आहोत’ अशी त्या न दिसणाऱ्या शेजाऱ्याला विनंती करायची. वडाच्या कुळातल्या ‘बालेते’ नावाच्या झाडावर ‘काप्रे’ नावाचा प्रचंड काळा पुरुष तंबाखूची विडी ओढत बसलेला असतो. पिंपळावरच्या मुंजाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला यात परके असे काय वाटणार?

हा अनुभव एका दुपारी फार जवळून आला. पडद्यावरच्या मुलाच्या हातून अशाच एका न दिसणाऱ्या जिवाचा अपमान झालेला होता, त्याचे फळ साऱ्या घराला भोगावे लागत होते, आणि नेमकी वीज गेली. कूलर थांबला, पडदा काळा झाला, मुलगा रडवेला झाला. तोवर एक शब्दही न बोललेल्या सासूबाई म्हणाल्या, “वारुळाले पाय लावते का कोनी? आमच्या उमरेडकडे वारुळाजवळून जाताना पोट्ट्याले आधी हात जोडाले लावत.” आणि मग वीज येईपर्यंतचा तासभर, हातातल्या पंख्याने दोन्ही नातवंडांना वारा घालत, त्यांनी ती गोष्ट स्वतः पूर्ण केली. त्यांच्या शेवटात मुलाच्या आईने नागपंचमीला वारुळाची पूजा केली, लाह्या-दूध ठेवले आणि दुखणे उतरले. संध्याकाळी आम्ही उरलेला भाग पाहिला. तिथे पूजा नव्हती, क्षमायाचना होती. बाकी फरक फारसा नव्हता. मुलगा गंभीरपणे म्हणाला की आजीची गोष्ट जास्त बरोबर आहे, कारण तिच्यात मुलाला जेवायलाही मिळाले. ज्या मालिकेची गोष्ट अर्ध्यावर तुटली तरी उमरेडची एक आजी ती पुरी करू शकते, तिची मुळे खोल आहेत असे मी समजते.

आता भाषेविषयी, कारण पाहणाऱ्या मराठी कुटुंबासमोरची मुख्य अडचण तीच आहे. संवाद फिलिपिनो भाषेत आणि तळओळी इंग्रजीत. सात वर्षांच्या मुलाला त्या वाचता येत नाहीत आणि दहा वर्षांच्या मुलीला तितक्या वेगाने झेपत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी त्या मराठीत वाचून दाखवत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की मधल्या इंग्रजीत जे हरवते ते मराठीत परत मिळते. फिलिपिनो माणूस वडीलधाऱ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्यात ‘पो’ हा छोटासा शब्द घालतो. इंग्रजी तळओळीत तो गाळलेला असतो, कारण इंग्रजीत त्याला जागाच नाही. मराठीत मात्र तो ‘अहो’ होऊन, ‘बसा’, ‘घ्या’, ‘या’ होऊन सहज उतरतो. मोठ्या भावाला ते ‘कुया’ म्हणतात. तळओळीत तिथे नुसते नाव येते, मी वाचताना ‘दादा’ म्हणते. मोठ्या बहिणीला ते ‘आते’ म्हणतात. यावरून सुरुवातीला मोठाच घोटाळा झाला, कारण मुलांना वाटले की ही मुलीची आत्या आहे आणि आत्या एवढी लहान कशी. ‘अनाक’ म्हणजे लेकरू. आई हाक मारते तेव्हा मी ‘बाळा’ म्हणते. इंग्रजी ओळीत कोरडे वाटणारे घर अशा रीतीने वाचले की ओलावा धरते.

काही शब्द तर वाचून दाखवावेच लागत नाहीत. ही फिलिपिनो भाषा तागालोगवर आधारलेली आहे. तिच्यात चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात, आशेला ‘आसा’, शिक्षकाला ‘गुरो’ आणि रानातल्या, डोंगरातल्या सुंदर देवतेला ‘दिवाता’. हे शब्द मलय आणि जावा बेटांच्या वाटेने शेकडो वर्षांपूर्वी संस्कृतातून तिथे पोहोचले. लागुना प्रांतात १९८९ साली सापडलेल्या एका ताम्रपटावर तर शके ८२२, वैशाख महिना, अशी कालगणना कोरलेली आहे, म्हणजे आपल्या पंचांगात आजही छापले जाते तेच शक. हे मी मुलीला सांगितले तेव्हापासून ती प्रत्येक भागात आपले शब्द शोधते आणि सापडला की वहीत लिहून ठेवते. मराठीत संवाद भरून ही मालिका उद्या कुणी आणली तर ती अधिक मुलांपर्यंत जाईल हे खरे, परंतु वाचून दाखवण्यातून आमच्या खोलीत जे घडले ते मात्र त्यामुळे घडणार नाही. पडद्याकडे तोंड करून गप्प बसलेली चार माणसे आणि एकजण वाचतो, एकजण विचारतो, एकजण चुका काढतो अशी चार माणसे, यात फार अंतर आहे.

या गोष्टींमधली घरे पाहण्यासारखी आहेत. काही श्रीमंत बंगले असतात, पण गोष्ट रमते ती दाटीवाटीच्या वस्तीत, पत्र्याच्या छपराखाली, घरालाच लागून असलेल्या छोट्या किराणा दुकानाच्या जाळीमागे. पानाच्या टपरीएवढ्या त्या दुकानाला ‘सारी-सारी’ म्हणतात आणि तिथे एक सिगारेट, शाम्पूची एक पुडी असा सुटा माल मिळतो. मानेवाड्यातल्या कुठल्याही गल्लीत ते उचलून ठेवले तरी चालेल. दारात चपलांचा ढीग असतो. जेवणात भात असतो, आणि तो काट्याचमच्याने खाल्ला जातो, याचे मुलांना अजून नवल वाटते. बाहेरून घरात आलेले मूल वडीलधाऱ्याचा हात हातात घेते आणि आपल्या कपाळाला लावते. या नमस्काराला ‘मानो’ म्हणतात. दुसऱ्याच आठवड्यात माझा मुलगा सासूबाईंचा कुरडईच्या पिठाने भरलेला हात धरून कपाळाला लावून आला, आणि कपाळावरचे पीठ रात्रीपर्यंत पुसू दिले नाही.

आणि या घरांमध्ये अनेकदा एक माणूस नसतो. फिलिपिन्समधून लाखो माणसे परदेशी नोकरीला जातात, आखाती देशांत, हाँगकाँगला, जहाजांवर, रुग्णालयांत. त्यांना तिकडे ओएफडब्ल्यू म्हणजे परदेशात काम करणारे फिलिपिनो असे म्हणतात, आणि ती मंडळी घरी पाठवतात त्या भेटवस्तूंनी भरलेल्या मोठ्या खोक्याला ‘बालिकबायान’ खोके म्हणतात. दूर गेलेल्या आईबापाची सावली त्या समाजाच्या मुलांच्या गोष्टींवर पडणे अपरिहार्य आहे. मूल जेव्हा जादूकडे काही मागते तेव्हा त्या मागण्याच्या तळाशी खेळणे क्वचितच असते. आईने जवळ असावे, बाबांनी वेळ द्यावा, घरातले भांडण मिटावे, हेच असते. माझ्या नणंदेची मुलगी शाळेच्या सुट्टीत आमच्याकडेच होती. एका भागात विमानतळावरचा निरोप आला तेव्हा ती उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मी भाग थांबवला नाही. माझ्या मुलीने थांबवला. ती आत गेली, दोघी मिळून बाहेर आल्या, आणि भाग तिथूनच पुढे सुरू झाला. अशी दृश्ये या मालिकेत रडवण्यासाठी ताणलेली नसतात, पटकन येतात आणि पुढे जातात, म्हणूनच ती लागतात. ज्या घरातले माणूस बाहेरगावी आहे त्या घराने मुलांसह हे पाहताना शेजारी बसावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

दोषही स्पष्ट सांगायला हवेत. २०१० मध्ये मालिका परत आली तेव्हा बहुतेक गोष्टी एकाच भागात, जाहिरातींसह तासाभरात, संपत असत. ही लांबी या प्रकाराला नेमकी आहे. पुढे मात्र ‘वान्सापानाताइम प्रेझेंट्स’ या नावाखाली एकच गोष्ट अनेक आठवडे चालवण्याची पद्धत आली आणि तिथून गोष्टी पातळ झाल्या. जी चूक, जो पश्चात्ताप चाळीस मिनिटांत भिडतो तोच आठ-दहा भागांत ओढला की मधल्या भागांमध्ये गैरसमज, धावपळ आणि विनोदी पात्रांची आरडाओरड याखेरीज काही उरत नाही. शिवाय या काळात मुलांऐवजी विशी-बाविशीतल्या नायक-नायिकांच्या लोकप्रिय जोड्या पुढे आल्या. फिलिपिन्समध्ये अशा जोड्यांना ‘लव्हटीम’ म्हणतात आणि त्यांचे चाहते मोठ्या संख्येने असतात. २०१८ ची ‘गेली इन अ बॉटल’ ही लोइसा आंदालिओ आणि रॉनी आलोन्ते या अशाच जोडीची गोष्ट. तरुण प्रेक्षकांना ती आवडली असेल, माझ्या तक्रारीचे कारण तरुण प्रेक्षक नाहीत. परंतु कुटुंबासाठी म्हणून लावलेल्या कार्यक्रमात कोण कोणाकडे पाहून लाजले यावर दहा मिनिटे जातात तेव्हा सात वर्षांचा मुलगा उठून खेळायला जातो, आणि तो बरोबर करतो.

या नंतरच्या गोष्टींची नावे मात्र मजेदार आहेत आणि ती उलगडून सांगण्यात आम्हाला फार आनंद मिळाला. ‘इकाव आंग गुस्तो को’ म्हणजे ‘मला तूच हवीस’. त्यातल्या ‘गुस्तो’च्या जागी भूत या अर्थाचा इंग्रजी ‘घोस्ट’ घालून ‘इकाव आंग घोस्तो को’ असे नाव केले आहे. ‘पिन्तासेरा’ म्हणजे सतत खोड काढणारी बाई, आणि ‘पिन्ता’ म्हणजे रंग. म्हणून ‘आन्निका पिन्तासेरा’. कोट्यांची ही हौस मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मालिकेतल्या मुख्य भूमिकांमध्ये गोऱ्या, युरोपीय वळणाच्या चेहऱ्यांचे प्रमाण जास्त दिसते आणि सावळी, जाड किंवा बुटकी माणसे पुष्कळदा हसण्यासाठी ठेवलेली असतात. गोष्ट शेवटी सांगते की रूपाला महत्त्व नाही, पण तोवर तासभर रूपावरूनच हशा पिकवलेला असतो. हे आपल्याकडच्या दूरचित्रवाणीतही आहे म्हणून चालवून घ्यावे असे मला वाटत नाही. माझी मुलगी सावळी आहे. अशा प्रसंगी मी भाग थांबवते, तिच्याशी बोलते आणि मग पुढे जाते. ज्यांना असे थांबणे शक्य नसेल त्यांनी भाग आधी स्वतः पाहून ठेवावा.

बाकी तांत्रिक बाजू साधारण आहे. उडणारी माणसे तारेवरची वाटतात, चमचमणारी धूळ प्रत्येक जादूला तीच, आणि विनोदाच्या जागी ‘टॉंय’ असा आवाज इतक्या वेळा येतो की सासूबाईंनी तो ऐकू येताच कानावर हात ठेवायला सुरुवात केली. शेवटी पात्रांच्या तोंडून तात्पर्य सांगण्याची सवयही सुटत नाही. त्याला तिकडे ‘आराल’ म्हणतात. गोष्ट चांगली असते तिथे ते अनावश्यक असते, आणि गोष्ट फसलेली असते तिथे ते उपयोगी पडत नाही.

लहान मुलांच्या अभिनयाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहिले पाहिजे. ‘मे बुकास पा’ या २००९ मधल्या मालिकेतला सांतिनो म्हणून तिकडे घराघरांत पोहोचलेला झायजन हारानिल्या हा बालकलाकार इथल्या गोष्टींमध्येही आहे, आणि त्याच्याकडे पाहताना कुणीतरी मागून संवाद सांगते आहे असे क्षणभरही वाटत नाही. या मुलांना पडद्यावर वाह्यात, हट्टी, भित्रे असण्याची मुभा आहे. ती मोठ्यांसारखी शहाणी वाक्ये बोलत नाहीत, मधेच अडखळतात, जेवताना बोलतात. आपल्याकडे बालकलाकाराला चुरचुरीत उत्तरे देणारा लहान म्हातारा करण्याची रीत पडली आहे. त्यानंतर हे पाहणे सुखाचे आहे.

याच धर्तीची दुसरी मालिका पाहायची असेल तर जीएमए या प्रतिस्पर्धी वाहिनीची ‘दाइग कायो नांग लोला को’ पाहावी. ती एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यात लोला गोरेंग नावाची आजी नातवंडांना गोष्टी सांगते, आणि ती भूमिका ग्लोरिया रोमेरो या ज्येष्ठ अभिनेत्रीने केली. तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. गोष्ट सांगणाऱ्या आजीची ही परंपरा तिथे जुनी आहे. सेव्हेरिनो रेयेस यांनी १९२५ मध्ये ‘लिवायवाय’ या साप्ताहिकात ‘लोला बास्यांग’च्या गोष्टी लिहायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ‘लोला’ म्हणजे आजी आणि आजी म्हणजे गोष्ट हे समीकरण फिलिपिनो घरांत पक्के झाले. लोला गोरेंगची मालिका लहान मुलांना समजायला सोपी आहे, कारण आजी मध्ये मध्ये थांबून समजावते. आमच्या घरी मात्र समजावणारी आजी पडद्याच्या अलीकडे असल्यामुळे ‘आटपाट’च पुढे राहिले.

हे भाग पाहायचे असतील तर उशीर करू नये, असे मी सांगते त्याला कारण आहे. एबीएस-सीबीएनचा प्रसारणाचा परवाना मे २०२० मध्ये संपला, वाहिनी बंद झाली, आणि त्याच वर्षी १० जुलैला तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने नवा परवाना नाकारला. ‘वान्सापानाताइम’ त्याआधीच, एप्रिल २०१९ मध्ये, थांबलेली होती. कंपनीने त्यानंतर आपले कार्यक्रम इंटरनेटवर आणि इतर वाहिन्यांमार्फत चालू ठेवले, म्हणूनच नागपुरात बसून ते पाहता येतात. पण जी सामग्री एका कंपनीच्या मर्जीवर इंटरनेटवर आहे ती कायम तिथेच राहील असे धरून चालू नये. सर्व भागांना तळओळी नाहीत, आणि आहेत तिथेही त्यांचा दर्जा सारखा नाही. आरंभ २०१० ते २०१३ च्या सुट्या गोष्टींपासून करावा. क्रम पाळण्याची गरज नाही. मोबाइलवर पाहू नये, मोठ्या पडद्यावर सर्वांनी मिळून पाहावे, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना भुताखेतांचे भाग रात्री दाखवू नयेत.

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याला मुलाने आपला लाकडी नंदी सजवला, तेव्हा गल्लीच्या टोकाच्या पिंपळाजवळून त्याला ओढत नेताना तो हळूच ‘ताबी-ताबी पो’ म्हणत होता. सासूबाईंनी ते ऐकले आणि काही न बोलता त्याच्याबरोबर हात जोडले. दिवाळीत नणंद येऊन गेली. परत जाताना तिच्या त्या सहकारी मैत्रिणीसाठी आम्ही संत्रा बर्फीचा डबा दिला, आणि डब्यावर मुलांनी आपल्या प्रश्नांचा कागद चिकटवला. मुलीचे सात प्रश्न शब्दांबद्दल होते. मुलाचा एकच होता, मोठ्या अक्षरांत लिहिलेला: नुनो वारुळात राहतो, तर मग तुमच्याकडे नागोबा कुठे राहतो?